कमी उंचीच्या स्वाराची पहिली डर्ट बाइक

अवघ्या पाच फूट उंचीच्या माझ्या एका सहकारी बाईंनी मावळातल्या कच्च्या वाटांसाठी कोणती मोटारसायकल घ्यावी अशी पृच्छा केली, तेव्हा सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटले.

माहितीपत्रकात आसनाची उंची ठळक छापलेली असते खरी. परंतु आसन मध्यभागी किती रुंद आहे आणि स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती दबते, याची खातरजमा प्रत्यक्ष बसून केल्याखेरीज त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा आग्रहही अनाठायी आहे. कंबर किंचित सरकवून एक पाऊल भक्कम रोवता आले की पुष्कळ झाले.

आपल्याकडच्या हीरो एक्सपल्स २०० ४व्हीचे आसन ८२५ मिलिमीटरवर असते, तर तिच्याच ‘प्रो’ आवृत्तीचे ८९१ मिलिमीटरवर. म्हणून नवशिक्याने ‘प्रो’च्या मोहात बिलकूल पडू नये.

उंची कमी करण्यासाठी मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलण्याची तजवीज बरेच मेकॅनिक सुचवतात. मात्र त्यायोगे जमिनीपासूनचे अंतर घटते, सुकाणूचा स्वभाव पालटतो आणि साइड स्टँड लांब पडून गाडी धड कलत नाही. त्यापेक्षा आधी सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, कमी करावा, मग आसनाचा फोम कातरावा आणि जाड तळव्याचे बूट घ्यावेत.

वजनाचा विचार उंचीइतकाच करा, कारण घसरलेली गाडी उचलावी लागतेच.

आपली उंची आणि वाटांचे स्वरूप कळवल्यास यथामती उत्तर देईन.