बटण सोपं, मार कमी

दिवाळीत रामाकोन्याला दोघं भाचे ‘स्ट्रीट फायटर ६’ खेळत होते. धाकटा सारखा हरला आणि कंट्रोलर ठेवून अंगणात निघून गेला. २०२३ साली आलेल्या या गेममध्ये त्याच्यासाठी ‘मॉडर्न’ कंट्रोल आहे. एका बटणात खास वार बसतो, पण त्याचा मार २० टक्के कमी. काही वार तर मिळतच नाहीत. ‘क्लासिक’मध्ये सहा बटणं, बोटांची कसरत आणि पूर्ण मार. एकाच सामन्यात दोघांना वेगवेगळी पद्धत घेता येते. स्पर्धेत उतरणारा सेटिंग शोधतोच, नवखा ते उघडतही नाही. म्हणून मूळ सेटिंग नवख्याच्या सोयीची हवी, असं मला सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं.

मॉडर्न लावून दिल्यावर धाकट्याने दादाला पाडलं.

‘मामा, ही चीटिंग आहे!’

त्याला २० टक्क्यांचा हिशेब सांगितला. थोडा विचार करून म्हणाला, ‘मग मलाही लावून दे.’