रानातलं औषध घेताय? आधी एवढं वाचा 🌿

अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रानात औषधी वनस्पती भरपूर आहेत. मला त्यांचं भारी वेड आहे, म्हणूनच हे कळकळीने सांगतोय: 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे.

✅ हिरडा: इथल्या डांगाण भागातले आदिवासी बांधव पिढ्यान् पिढ्या गोळा करतात. पोट साफ व्हायला उत्तम. पण गरोदरपणात वर्ज्य.

⚠️ गुळवेल: काढ्यासाठी तोडताना खोड नीट बघा. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर कागदासारखी पातळ साल सुटते, चीक येत नाही. खोडावर ठळक गाठी आणि दुधाळ चीक दिसला तर ती दुसरीच वेल. या दोन वेलींतल्या गल्लतीबद्दल आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये सावध केलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नको.

⛔ कळलावी: पावसाळ्यात फुलते; लाल-पिवळ्या, ज्वालेसारख्या पाकळ्या. दिसायला देखणी, पण कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. घरगुती उपचारात हिला अजिबात स्थान नाही.

कायम लक्षात ठेवा:
👉 ओळख शंभर टक्के पटली नाही, तर तोंडात घालू नका.
👉 कुठलाही काढा महिनोन् महिने घेऊ नका.
👉 डॉक्टरांपासून काढा-चूर्ण लपवू नका.
👉 त्रास झाला तर वनस्पतीचा तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.
👉 मुळासकट उपटू नका. अभयारण्यातून तर काहीच तोडू नका.

घरातल्या मोठ्यांनाही ही पोस्ट वाचून दाखवा. 🙏