बारा सुऱ्यांचा संच नको. तीन सुऱ्या आणि एक दगड पुरे

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी असो की आयटीआयमधला ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, प्रवेश झाला की विद्यार्थ्याच्या हातात एक यादी पडते. पांढरा कोट, टोपी, अ‍ॅप्रन, बंद बूट आणि त्यातच एक ओळ असते : ‘नाइफ किट’. अहेरीसारख्या गावातून चंद्रपूर, नागपूर किंवा हैदराबादला शिकायला निघालेल्या मुलाच्या घरी या एका ओळीवर बराच खल होतो. फी, वसतिगृह, प्रवास यांचा खर्च आधीच डोक्यावर असतो. त्यात मोबाइलवर नऊ, बारा, पंधरा नगांचे चकचकीत संच दिसतात. जास्त सुऱ्या म्हणजे जास्त फायदा, असे वाटते आणि पैसे तिथे जातात.

खरे तर पहिल्या वर्षाला तीन सुऱ्या पुरतात. उरलेले पैसे धार लावायच्या दगडावर आणि चांगल्या फळीवर खर्च करावेत. हा सल्ला केवळ बचतीचा नाही. बोटे शाबूत राहणे, मनगट न दुखणे आणि अन्न सुरक्षित राहणे या तिन्ही गोष्टी सुरीच्या संख्येवर नव्हे, तर तिच्या धारेवर आणि ती वापरायच्या पद्धतीवर अवलंबून असतात.

पावशीवरचा हात, सुरीवरचा हात

आपल्या भागात घरी भाजी चिरायची ती पावशीवर, म्हणजेच विळीवर. पाट पायाखाली पक्का, पाते उभे, दोन्ही हात मोकळे आणि भाजी पात्यावर ढकलायची. इथे पाते हलत नाही, भाजी हलते. सुरीचे गणित नेमके उलटे आहे. भाजी फळीवर स्थिर राहते आणि पाते हलते. त्यामुळे पावशीवर वास्ते किंवा कांदे झरझर चिरणारा हात सुरीपुढे सुरुवातीला अडखळतो. पावशीवर बोटे भाजीच्या मागे सरळ असतात. तीच सवय फळीवर राहिली तर बोटांची टोके पात्याच्या वाटेत येतात. सुरीच्या जखमा बहुधा भाजी धरणाऱ्या हाताला, त्यातही तर्जनीला आणि अंगठ्याला होतात.

उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पाडावा लागतो. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे मांजराच्या पंजासारखी आत वळवायची, अंगठा मागे ठेवायचा आणि पात्याची बाजू बोटांच्या मधल्या पेरांना टेकवून चालवायची. दुसऱ्या हाताने मूठ पूर्ण मागे धरण्याऐवजी पाते जिथे मुठीला मिळते तिथे ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे. असे धरल्याने सुरी हातात वळत नाही. पावशीवर वाढलेल्या मुलांना एक गोष्ट मात्र आधीच येत असते. धार आहे की गेली, हे त्यांना हातानेच कळते. हे ज्ञान इथे फार उपयोगी पडते.

बोथट सुरी जास्त कापते, पण बोट!

धारदार सुरीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. विज्ञान मात्र उलटे सांगते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. चांगल्या धारेची जाडी एक-दोन मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतक्या बारीक रेषेवर थोडेसे बल दिले तरी दाब प्रचंड होतो आणि टोमॅटोची साल अलगद चिरते. धार बोथट झाली की तेच काम करायला हात जोर लावतो. साल दबते, दबते आणि पाते एकदम घसरते. त्या क्षणी हातात जितका जोर असतो, तितकी जखम खोल जाते.

मनगटाचेही तसेच. मांस कापणाऱ्या कामगारांच्या हातांवर किती ताण येतो, याचा अमेरिकेतील संशोधकांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरी जितकी धारदार, तितका मुठीचा जोर कमी लागतो आणि कामही लवकर होते, असे त्यात दिसले. रोज तासन् तास कांदे-बटाटे चिरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फरक लहान नाही.

कांद्याचे रडणेही धारेशी जोडलेले आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातील एन्झाइममुळे डोळ्यांना झोंबणारे गंधकयुक्त रसायन तयार होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये कांदा चिरतानाचे वेगवान चित्रीकरण करून दाखवले की बोथट पात्याखाली साल आधी दबते, आत दाब साठतो आणि मग रसाचे बारीक थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. धारदार सुरी आणि सावकाश काप, हाच यावरचा खरा उपाय आहे.

पोलादाला दिलेले पाणी

सुरी निवडताना पोलाद समजून घ्यावे लागते, आणि आपला मुलूख लोखंडाला अनोळखी नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आज सर्वांना ठाऊक आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची सुमारे २७०० वर्षांपूर्वीची भट्टी सापडली. प्राणहितेपलीकडच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे गाव एकेकाळी मुशीत तयार होणाऱ्या पोलादासाठी परदेशांपर्यंत प्रसिद्ध होते.

शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन मिसळला, ते लाल तापवून एकदम थंड केले की अणूंची रचना अडकून बसते आणि पोलाद कडक होते. लोहार यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. एवढ्यावर सोडले तर पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा हलके तापवून त्यातला ताण कमी करतात. हे पाणी नीट बसले नसेल तर सुरी कितीही चमकली तरी धार टिकत नाही.

कार्बन पोलादाची सुरी लवकर आणि छान धार घेते. गावातला लोहार घडवतो ती बहुधा अशीच असते. पण तिला गंज लवकर चढतो. आवळा, केळफूल अशा तुरट गोष्टी चिरल्या की त्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग देते आणि पदार्थही काळवंडतो. त्यापासून अपाय नाही, पण परीक्षेच्या ताटात तो रंग चालत नाही. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अदृश्य थर बनतो आणि तो गंज रोखतो. पावसाळ्यातील दमट हवा आणि वसतिगृहातली धावपळ पाहता नव्या विद्यार्थ्याने जास्त कार्बनचे स्टेनलेस घ्यावे. काही पात्यांवर किंवा खोक्यावर ‘एक्स ५० सीआर-एमओ-व्ही १५’ अशा अर्थाची खूण असते. यातील ५० म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे सुमारे १५ टक्के क्रोमियम. कडकपणा रॉकवेल मापात ५४ ते ५८ असेल तर उत्तम. ६० च्या पुढची जपानी धाटणीची सुरी धार जास्त दिवस धरते, पण हाडावर किंवा फरशीवर आपटली की तिचा टवका उडतो. शिकाऊ हातासाठी ती नको.

कोणत्या तीन?

पहिली आणि मुख्य म्हणजे शेफची सुरी. पाते ८ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. भाजी, कोथिंबीर, बिनहाडाचे मांस अशी बहुतेक कामे हिच्यावर होतात. बजेटचा मोठा वाटा हिलाच द्यावा. दुसरी, सोलायची छोटी सुरी, ३ ते साडेतीन इंची. ती साधी आणि स्वस्त असली तरी चालते. तिसरी, पाव-ब्रेड कापायची करवती दात्यांची सुरी, ८ ते १० इंची. पावासारखेच टोमॅटोलाही तिचे दाते उपयोगी पडतात. हाडे सोलायची किंवा मासे साफ करायची सुरी त्या विषयाचे प्रात्यक्षिक सुरू झाल्यावर घेता येते. गावठी कोंबडीची हाडे तोडायला शेफची सुरी वापरू नये. ते काम जड सत्तूरचे आहे.

खरेदीआधी कॉलेजची यादी मात्र नीट वाचावी. यादीत ठरावीक माप सांगितले असेल तर तेच घ्यावे, आणि शक्य असेल तर पहिल्या आठवड्यात शिक्षकांना विचारून मगच पैसे द्यावेत. शक्यतो सुरी दुकानात जाऊन, हातात धरून घ्यावी. चिमटीत धरल्यावर तोल पुढे-मागे झुकतो का, फळीवर टेकवल्यावर बोटांची पेरे फळीवर आपटतात का, ओल्या हातात मूठ घसरते का, मूठ आणि पाते यांच्या सांध्यात फट आहे का, हे पाहावे. फटीत अन्नाचे कण आणि जिवाणू साठतात. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेलीच सुरी घ्यावी. एकाच बाजूने धार लावलेल्या सुऱ्या बहुधा उजव्या हातासाठी असतात.

धार राखणे

सुरीसोबत मिळणाऱ्या लांब सळईने धार लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. वापराने धारेची बारीक कड एका बाजूला वाकते. सळई ती सरळ करते. कड झिजली की दगडच लागतो. एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० क्रमांकाचा दगड सुरुवातीला पुरतो. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. दगड ओला करून पाते साधारण १५ ते २० अंशांत धरायचे आणि कोन न बदलता घासायचे. दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखरीत कोर जाणवली की बाजू बदलायची. धार बोटाने तपासू नये. कागदाची कड हवेत धरून कापली जाते का, किंवा टोमॅटोच्या सालीवर पाते जोर न लावता बसते का, ते पाहावे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धार लावून घेताना कड निळसर पडली तर समजावे की उष्णतेने तिचे पाणी उतरले.

काच, ग्रॅनाइटचा ओटा किंवा स्टीलचे ताट यांवर चिरल्यास चांगली धारही काही दिवसांत जाते. फळी लाकडाची किंवा प्लास्टिकची असावी आणि ती हलू नये म्हणून खाली ओले फडके ठेवावे. कच्चे मांस-मासे आणि कच्ची खायची कोशिंबीर यांच्या फळ्या वेगळ्याच हव्यात. खोल चरे पडलेली फळी बदलावी.

कापलेच तर

वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे आणि हात हृदयापेक्षा उंच ठेवावा. मधेच उघडून पाहू नये. हळद, चुना, कॉफी, तंबाखू काहीही भरू नये. रक्त थांबत नसेल, जखमेची तोंडे उघडी राहत असतील, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर नस किंवा स्नायूची दोरी कापलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बोटाचा तुकडा पडला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जिवाणू माती आणि शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. राष्ट्रीय लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी टीडी लस मिळते. ती राहून गेली असेल तर कॉलेजला जाण्याआधी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. जखम झालेल्या हाताने अन्नाला हात लावायचा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा हवा. कारण जखमेतील स्टॅफिलोकोकस जिवाणूंचे विष अन्न उकळल्यानेही नष्ट होत नाही.

प्रवासात सुऱ्या पात्यावर म्यान घालून, जाड कापडी गुंडाळीत, बॅगेच्या तळाशी ठेवाव्यात. सोबत कॉलेजचे ओळखपत्र आणि खरेदीची पावती असावी, म्हणजे नाक्यावर बॅग तपासली तरी अडचण येत नाही. विमानात त्या फक्त चेक-इन सामानातच चालतात.

वर्षभरानंतर विद्यार्थ्याला आपल्या हाताची आणि कामाची ओळख झालेली असते. चौथी सुरी लागते की नाही, हे तेव्हा ठरवावे. तोपर्यंत आठवड्यातून एकदा दगडावर दिलेली पंधरा मिनिटे कोणत्याही महागड्या संचापेक्षा जास्त कामाची आहेत.