पहिल्या आवृत्तीच्या खुणा : १८६७ ते २०२४

जुन्या मराठी पुस्तकात ‘पहिली आवृत्ती’ असे छापलेले दिसले, तरी तेवढ्यावर विसंबून चालत नाही. प्रकाशक बदलला की नव्या प्रकाशकाची ‘पहिली आवृत्ती’ पुन्हा निघू शकते. ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रसिद्ध केली. म्हणून जाणकार संग्राहक आधी प्रकाशकाचे नाव पाहतो आणि मग साल.

ही नावे छापण्याची सक्ती आली १८६७च्या कायद्याने. मुद्रक कोण, पुस्तक छापले कुठे, प्रकाशक कोण आणि कुठला, हे प्रत्येक पुस्तकावर देणे बंधनकारक झाले. सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती. अभ्यासकांना मात्र त्यातून कायमचा पुरावा मिळाला. त्या काळच्या अनेक पुस्तकांवर फक्त शक असतो. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवावेत. पौष ते फाल्गुन या काळातले पुस्तक असेल तर बहुधा ७९. ‘गीतारहस्य’ शके १८३७चे, म्हणजे १९१५चे.

विसाव्या शतकात खुणा वाढल्या. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक साधारणपणे १ एप्रिल १९५७च्या आधीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ दिसले तर ते १९५७ ते १९६४ या काळातले. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर हळूहळू गेले. पत्त्यात पिनकोड असेल तर पुस्तक १९७२च्या आधीचे नसते. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला आणि ‘पुणे ३०’चे ‘४११ ०३०’ झाले. तेरा आकडी आयएसबीएन असेल तर ती प्रत २००७च्या आसपासची किंवा नंतरची.

एकेकटी खूण फसवते. जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर केलेल्या पुनर्मुद्रणात अनुस्वार जसेच्या तसे राहतात. अशा वेळी पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवावे. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब कागदावर उमटतो आणि बोटाला हलका उठाव लागतो. ऑफसेटचे पान गुळगुळीत असते. किंमत, पत्ता, शुद्धलेखन आणि हा दाब एकाच काळाकडे बोट दाखवू लागले, की निर्णय करावा.

या पुराव्याचे सर्वांत मोठे नुकसान फेरबांधणीने केले. ग्रंथालयांत पुस्तक टिकावे म्हणून पुठ्ठा चढवताना वेष्टण फेकले गेले, कडेच्या जाहिरातींची पाने कापली गेली. चित्रकार दीनानाथ दलालांची किती मुखपृष्ठे अशीच गेली असतील! पहिली आवृत्ती हाती असूनही ती तशी सिद्ध करता येत नाही, हे दुःख मोठे आहे.

१ मार्च २०२४पासून १८६७चा कायदा रद्द झाला. त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे ही नोंद जपणे आता प्रकाशकांच्या हाती आहे. प्रत्येक पुस्तकात मूळ प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचे साल आणि पुढची सर्व पुनर्मुद्रणे छापावीत. आणि वाचकांनो, घरातल्या जुन्या पुस्तकाचे फाटके वेष्टण रद्दीत टाकू नका; ते त्याच पुस्तकात घालून ठेवा.