जीवाश्म, दगडखाणीतील
जीवाश्म, दगडखाणीतील : खाणीतून काढलेल्या दगडात कधीकधी पान, लाकूड अथवा अंडे यांसारखी आकृती आढळते. ती पूर्वकालीन जीवाचा अवशेष म्हणजे जीवाश्म आहे, की नैसर्गिक क्रियांनी बनलेला आभासी जीवाश्म आहे, हे ठरविताना बाह्य साम्यापेक्षा खडकाचा प्रकार, अंतर्रचना व मूळ स्थान यांना अधिक महत्त्व असते.

खडकाचा प्रकार : लोणखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) हे गाव तापी खोऱ्यात असून या भागातील मुख्य खडक दक्षिण ट्रॅपाचा बेसाल्ट (काळा पाषाण) हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो बनला. अतितप्त लाव्ह्यात जीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत. मात्र दोन लाव्हा प्रवाहांच्या दरम्यानच्या काळात तळी व दलदली यांत साचलेल्या आंतर-ट्रॅपी थरांत ते सापडतात. वरळी (मुंबई) येथील अशा थरांतील लहान बेडकाचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये केले. नागपूरजवळील टाकळी येथील थरांतून स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी शंख आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. त्यामुळे आकृती घट्ट बेसाल्टात आहे की प्रवाहांमधील मृण्मय वा चर्टी पट्ट्यात, हे प्रथम पाहावे लागते.

आभासी जीवाश्म : दगडातील फटींच्या पृष्ठांवर मँगॅनिजाची ऑक्साइडे साचून नेच्यासारखी काळी नक्षी उमटते. लाव्ह्यातील वायूंच्या नळीसारख्या पोकळ्या झिओलाइट वा कॅल्साइट यांनी भरल्यास त्या मुळांसारख्या दिसतात. बेसाल्ट झिजताना कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटून उरणारे गोटे अंड्यांसारखे भासतात. नंदुरबार–धुळे भागात बेसाल्टाला छेदून गेलेल्या भित्ती पुष्कळ आहेत. भित्तीतील आडवे स्तंभ रचून ठेवलेल्या ओंडक्यांसारखे दिसू शकतात.

परीक्षण : खऱ्या पानाच्या ठशात मध्यशीर, उपशिरा व निश्चित कडा असतात, खनिज नक्षीत त्या नसतात. अश्मीभूत लाकडाच्या सु. ०.०३ मिमी. जाडीच्या छेदात सूक्ष्मदर्शकाखाली कोशिका दिसतात. डायनोसॉरच्या अंड्याला सच्छिद्र कवच असते. मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यात आणि गुजरातेत बालासिनोरजवळ अशी अंडी सापडली आहेत, पण ती लॅमेटा थरांत, बेसाल्टात नव्हेत. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने दगड फसफसल्यास त्यात कॅल्साइट आहे एवढेच कळते; जीवाश्मत्व त्यावरून सिद्ध होत नाही.

जतन : सुरुंगाने फोडलेला दगड खडी-यंत्रात गेल्यावर नमुना व त्याचा मूळ थर ही दोन्ही नाहीशी होतात. सुटा नमुना थराच्या माहितीअभावी बराचसा निरुपयोगी ठरतो; त्याचे वय व त्यावेळचे पर्यावरण ठरविता येत नाही. यासाठी नमुना न घासता, न फोडता जागेवरच मोजपट्टीसह त्याचे छायाचित्र घेणे, खाणीतील खोली व वरखालचे थर नोंदविणे आणि नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस वा महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागास कळविणे आवश्यक असते. आकृती आभासी ठरली, तरी खडक कसा बनला व कसा झिजला याची माहिती तिच्यापासून मिळते.