डायक्लोफिनॅक : एका आम्लाची घडण

गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेक वेळा एक विचित्र आकडा दिसतो : डायक्लोफिनॅक डायइथिलअमाईन 1.16 टक्के. त्याच्याच पुढे लिहिलेलं असतं की हे प्रमाण 1 टक्का डायक्लोफिनॅक सोडियमच्या बरोबरीचं आहे. वेदना शमवणारा भाग दोन्हींत एकच. गोळीत त्याच्या जोडीला सोडियम असतो आणि मलमात डायइथिलअमाईन हा त्याहून जड जोडीदार. सोडियम क्षाराचा रेणुभार 318, डायइथिलअमाईनच्या क्षाराचा 369. भागाकार केला की 1.16 येतो. औषध तेच असताना जोडीदार का बदलावा लागला, याचं उत्तर शोधायला निघालं की माणूस थेट औषधी रसायनशास्त्राच्या कार्यशाळेत पोचतो.

औषध कशावर चालतं, हे आपण विचारतो. रेणू घडवणाऱ्याला मात्र आधी दुसरेच प्रश्न छळत असतात. ते पोटातल्या पाण्यात विरघळेल का? विरघळलं तर पेशीच्या स्निग्ध पडद्यातून पार होईल का? आणि काम झाल्यावर शरीर त्याला बाहेर कसं काढेल? ही उत्तरं रेणूच्या अंगावरचे छोटे क्रियात्मक गट देतात. कार्बोक्सिल, अमाईन, हायड्रॉक्सिल ही नावं बारावीला पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरली जातात. खरं तर आपण घेतलेल्या प्रत्येक गोळीचा शरीरातला प्रवास तेच ठरवतात. डायक्लोफिनॅकच्या रेणूत अणू आहेत अवघे तीस. माझ्या मते ही विद्या समजून घ्यायला याहून चांगला रेणू नाही, कारण त्याचा प्रत्येक भाग विचार करून बसवलेला आहे.

हा विचार झाला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सीबा-गायगी कंपनीत. आल्फ्रेड सालमान आणि रुडॉल्फ फिस्टर या रसायनशास्त्रज्ञांनी आधीची संधिवाताची औषधं समोर ठेवली : फिनाइलब्युटाझोन, मेफेनॅमिक आम्ल, इंडोमेथॅसिन. या सगळ्यांत समान काय आहे, हे त्यांनी शोधलं आणि नव्या रेणूसाठी अटी ठरवल्या. आम्लता स्थिरांक 4 ते 5 च्या दरम्यान हवा. पाणी आणि स्निग्ध द्रव यांच्यातल्या वाटणीचं गुणोत्तर सुमारे 10 हवं. रेणूत दोन बेंझिन वलयं हवीत, पण एकाच पातळीत नकोत, एकमेकांना तिरकी हवीत. यातल्या पहिल्या दोन अटींचा रोगाशी थेट संबंध नाही. त्या पोचण्याच्या अटी आहेत. या अटींतून घडलेलं औषध 1974 मध्ये सर्वप्रथम जपानच्या बाजारात आलं. या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून वेदना आणि सूज कमी करतात, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं होतं. त्या कामाला पुढे 1982 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता रेणू जवळून पाहू. एका वलयावर दोन क्लोरीन अणू आहेत, नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना. क्लोरीन आकाराने मोठा. पाचर ठोकल्यासारखे ते दोघे मधे बसतात आणि त्यांचं वलय सपाट पडू देत नाहीत. दोन वलयांत त्यामुळे सुमारे 69 अंशांचा पीळ राहतो. दोन वलयांना जोडणारा नायट्रोजन नावाने अमाईन आहे, पण आम्लारीसारखा वागत नाही. त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही बाजूंच्या वलयांकडे ओढली गेलेली असल्यामुळे तो प्रोटॉन सहजासहजी घेत नाही. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. नायट्रोजन दिसला की आम्लारी, असं उत्तर लिहून मोकळे होतात. गट एकटा पाहून चालत नाही, त्याचा शेजारही पाहावा लागतो.

दुसऱ्या वलयावर एका कार्बनच्या अंतराने कार्बोक्सिल गट आहे. सगळी सूत्रं याच्या हातात. त्याचा आम्लता स्थिरांक 4. म्हणजे सामू 4 असलेल्या द्रवात निम्मे रेणू प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात आणि निम्मे तसेच राहतात. सामू एका अंकाने वाढला की भाररहित रेणूंच्या तुलनेत भारित रेणूंचं प्रमाण दहापट होतं. रक्ताचा सामू 7.4. तिथे एका भाररहित रेणूमागे सुमारे 2500 भारित रेणू असतात. भारित रूपाला पाणी मानवतं, भाररहित रूपाला स्निग्ध पडदा. वलयं आणि क्लोरीन यांच्यामुळे भाररहित रूपाची स्निग्ध द्रवाकडची ओढ पाण्याच्या सुमारे 30 हजार पट आहे. त्याला 2500 ने भागा, 12 च्या आसपास उत्तर येतं. प्रत्यक्ष मोजलेला आकडा आहे 13.4. बाझलच्या मंडळींना हवा होता सुमारे 10. एका गटाने पाण्याकडे ओढायचं, बाकीच्यांनी तेलाकडे, आणि दोघांचा तोल असा अचूक साधायचा, ही मला या रेणूतली सर्वांत सुंदर कारागिरी वाटते.

हाच कार्बोक्सिल जठरात मात्र अडचण करतो. तिथला सामू 1 ते 2. जवळजवळ सगळे रेणू भाररहित होतात आणि औषध पाण्यातून खाली बसतं. 50 मिलिग्रॅमची गोळी पेलाभर आम्लात टाकली, तर त्यातलं एक-दोन मिलिग्रॅमही विरघळणार नाही. शिवाय आम्लात आणखी एक खोड निघते : कार्बोक्सिल आणि नायट्रोजन एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पाण्याचा रेणू बाहेर टाकून ते पाच अणूंचं बंद वलय करू लागतात. कारखान्यात नेमका उलटा प्रवास असतो. आधी हे बंद वलय तयार करतात आणि शेवटच्या पायरीला अल्कलीत उकळून उघडतात. उघडलं की डायक्लोफिनॅक सोडियम मिळतं. औषधकोशांत म्हणूनच या बंद वलयाच्या पदार्थाला अशुद्धी मानून त्याच्यावर मर्यादा घातलेली आहे.

यावर उपाय म्हणून गोळीला जठरात न विरघळणारं आवरण देतात. हे आवरण ज्या बहुवारिकांचं असतं, त्यांच्या साखळीवरही कार्बोक्सिल गटच असतात. जठराच्या आम्लात ते भाररहित राहतात आणि आवरण टिकतं. गोळी लहान आतड्यात सरकली, सामू साडेपाचच्या वर गेला, की ते प्रोटॉन सोडतात आणि आवरण विरघळतं. आतल्या औषधालाही तोच सामू विरघळायला सोयीचा पडतो. अशी गोळी तोडून किंवा चावून घेऊ नका, असं केमिस्ट सांगतो त्यामागे हे गणित आहे, आणि जठराच्या अस्तराचं रक्षणही आहे. डोकेदुखी, दातदुखीसारख्या तातडीच्या वेदनेसाठी पोटॅशियम क्षाराची, लवकर विरघळणारी गोळी निघाली. मलमाचं काम निराळं. त्वचेचा वरचा थर स्निग्ध असतो, म्हणून तिथे सोडियमपेक्षा स्निग्ध पदार्थांशी जमवून घेणारा डायइथिलअमाईन आणला. ट्यूबवरचा 1.16 चा आकडा या निवडीतून आला.

रक्तात शिरल्यावर डायक्लोफिनॅकचे 99 टक्क्यांहून जास्त रेणू अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात. रक्तातलं त्याचं प्रमाण तास-दोन तासांत निम्म्यावर येतं, पण सुजलेल्या सांध्याच्या द्रवात ते त्याहून बराच काळ रेंगाळतं. सूज आलेल्या भागाचा सामू थोडा उतरलेला असतो. सौम्य आम्लं तिथे पेशींत शिरून साठतात, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मग येतो निरोप. तोंडावाटे घेतलेल्या मात्रेचा जवळजवळ निम्मा भाग यकृताच्या पहिल्याच फेरीत बदलून जातो. यकृताचा हेतू सरळ आहे : तेलकट रेणूला पाण्यात जाण्याजोगा करून मूत्र आणि पित्तावाटे काढून टाकायचं. त्यासाठी सीवायपी2सी9 नावाचं एन्झाइम क्लोरीनच्या वलयाच्या पार टोकाला, नायट्रोजनच्या बरोबर समोर, हायड्रॉक्सिल गट बसवतं. दुसरी एन्झाइमं कार्बोक्सिलवर ग्लुकुरॉनिक आम्ल चढवतात. मूळ रूपातलं औषध मूत्रात जेमतेम 1 टक्का निघतं.

या निरोपात धोकाही आहे. समोरासमोर बसलेल्या नायट्रोजन आणि हायड्रॉक्सिलमधून आणखी दोन हायड्रोजन गेले की क्विनोन-इमाईन नावाचं आक्रमक रूप तयार होतं आणि ते यकृताच्या प्रथिनांना चिकटू शकतं. पॅरासिटामॉलच्या अतिरेकी मात्रेत यकृत निकामी होतं, ते याच जातीच्या रूपामुळे. एरवी ग्लुटाथायोनचा गंधकयुक्त थायॉल गट त्याला पकडून निकामी करतो. पुढे डायक्लोफिनॅकचाच सांगाडा घेऊन, एका क्लोरीनच्या जागी फ्लोरीन आणि दुसऱ्या वलयावर एक मिथाइल गट लावून, लुमिराकॉक्सिब घडवलं गेलं. जठराला कमी त्रास व्हावा हा उद्देश होता. पण यकृताच्या गंभीर इजा दिसल्यामुळे 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाने ते मागे घेतलं. दोन-चार अणूंचा फेरफार इतका दूरवर पोचतो.

डायक्लोफिनॅकची सर्वांत मोठी परीक्षा मात्र झाली ती ज्यांचा विचार बाझलमध्ये कुणी केला नव्हता त्यांच्या शरीरात. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी 1990 च्या दशकात गिधाडं झपाट्याने कमी होताना नोंदवली. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. मेलेल्या पक्ष्यांचं शवविच्छेदन केलं की यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा. तो युरिक आम्लाचा. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 'नेचर'मध्ये कारण सिद्ध केलं : गुरांना दिलेलं आणि त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलेलं डायक्लोफिनॅक.

इथेही पुन्हा विद्राव्यताच आडवी येते. आपण नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकतो आणि युरिया पाण्यात भरपूर विरघळतो. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. युरिक आम्लात कार्बोक्सिल नाहीच. त्याची सौम्य आम्लता नायट्रोजनवरच्या हायड्रोजनमधून येते आणि पाण्यात ते अगदी थोडं विरघळतं. माणसाच्या रक्तातसुद्धा 100 मिलिलिटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक होऊ लागतात. गाऊटचा त्रास असलेल्यांना हा आकडा पाठ असतो. गिधाडाची मूत्रपिंडं डायक्लोफिनॅकने बंद पडली की युरिक आम्ल रक्तात तुंबतं आणि अवयवांवर साचतं. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. गिधाडं थव्याने एका मृत जनावरावर उतरतात, म्हणून मेलेल्या गुरांपैकी शेकडा एकापेक्षाही कमी दूषित असली तरी एवढा संहार व्हायला पुरेशी होती. मुंबईत मलबार हिलच्या दख्म्यांत, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात, पारशी समाजाला गिधाडांवाचून सौर संकेंद्रकांचा आधार घ्यावा लागला.

2006 मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनचं पॅकिंग 3 मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं गेलं. दरम्यान ॲसिक्लोफिनॅक बाजारात रुळलं होतं. त्याची रचना कागदावर काढली तरी मनात शंका यायला हवी होती. ते डायक्लोफिनॅकच आहे, फक्त कार्बोक्सिलवर ग्लायकॉलिक आम्लाचा एस्टर चढवलेला. एस्टर शरीरात तुटतात, हे या विद्येतलं अगदी प्राथमिक ज्ञान. गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅक होतं, हे प्रयोगाने दाखवलं गेलं, तरी जनावरांसाठी त्यावर बंदी यायला 2023 उजाडलं. केटोप्रोफेनही त्याच वेळी बंद झालं. एवढी वर्षं का लागावीत, याचा मला आजही राग येतो.

पर्याय आहेत, आणि तेही याच कार्यशाळेतून आलेले. मेलॉक्सिकॅममध्ये कार्बोक्सिल नाही. त्याची आम्लता एनॉल गटातून येते, आणि ती जवळपास डायक्लोफिनॅकएवढीच आहे. त्यामुळे ते गुरांची सूज उतरवतं. गिधाडं ते शरीरातून फार लवकर काढून टाकतात. टोल्फेनॅमिक आम्ल तर डायक्लोफिनॅकचं जवळचं भावंड, दोन वलयं, मधे नायट्रोजन, एका वलयावर कार्बोक्सिल, तरीही चाचण्यांत गिधाडांना सुरक्षित ठरलं. म्हणून रचनेवरून अंदाज बांधायचा आणि मग चाचणी करायचीच. जनावरांसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला गिधाडांवरच्या चाचणीशिवाय परवाना देऊ नये.

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून घरटी करतात. आपल्या गोठ्यात बैल लंगडत असेल, गाईच्या कासेला सूज असेल, तर पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅमच मागा. घरातल्या माणसांसाठी आणलेलं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन गुरांना टोचू नका, आणि कुणी टोचत असेल तर त्याला अडवा.