सापखाऊ साप हवा, पण कुठला?

किंगस्नेक हा उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप. जंगल, गवताळ माळ, वाळवंट, शेतं, सगळीकडे त्याच्या जाती आढळतात. उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी खातो आणि जहाल विषाच्या रॅटलस्नेकलाही गिळतो. भक्ष्याचं डोकं जबड्यात धरून तो अंगाभोवती वेटोळे आवळतो. रॅटलस्नेक उलट चावला तरी किंगस्नेकच्या रक्तातले घटक ते विष बरंचसं निष्प्रभ करतात. त्यामुळे त्याचा वास लागताच रॅटलस्नेक दंश करायच्या भानगडीत न पडता डोकं जमिनीलगत लपवतो आणि अंगाचा मधला भाग कमानीसारखा उचलून त्याच्यावर हाणतो. असा मित्र आपल्याकडेही आणावा, असं कुणालाही वाटेल. माझ्या मते ती घोडचूक ठरेल. साप उपकारक की उपद्रवी हे त्याच्या स्वभावापेक्षा तो कुठे राहतो यावर ठरतं.

स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव म्हणून आणलेले कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक मोकळे सुटले. 1998 पासून ते तिथे रानात दिसू लागले. त्या बेटावर मूळचा एकही साप नव्हता, त्यामुळे तिथल्या मोठ्या सरड्यांना सापापासून बचाव ठाऊकच नव्हता. जिथे हा साप पसरला, तिथले सरडे जवळपास संपले. स्वभाव तोच, खाणंही तेच. बदलली ती फक्त जागा.

सुरतहून हजिऱ्याकडे जाताना लागणाऱ्या इच्छापोरसारख्या गावाला परदेशी सापाची गरजही नाही. शेतं आणि कारखाने एकमेकांना खेटून असलेल्या या पट्ट्यात उंदरांचा समाचार धामण घेते, आणि साप खाणारा आपला साप म्हणजे मण्यार, गुजरातीतला काळोतरो. यावर आक्षेप येणारच: मण्यार माणसं मारते, तिचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, आणि त्याला जबाबदार असलेल्या चार प्रमुख सापांत मण्यार आहे. पण दिसेल तो साप ठेचून हे मृत्यू टळत नाहीत. त्या मारामारीत मण्यार समजून बिनविषारी कवड्या सापही बळी पडतो. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यारीचे बारीक पांढरे, बहुधा जोडीचे पट्टे डोक्याकडे पुसट होत जातात. हा फरक अंधारात, घाबरलेल्या माणसाला दिसणं अवघड, म्हणून ओळख पटवायला जवळ जाऊच नये.

मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी सापडत नाही. तेव्हा खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावर तिथे देतात ते प्रतिविष मण्यारीच्या विषावरही चालतं.